टीपॉट खऱ्या चांदीचा आहे का हो? ‘प्लेट’ आणि ‘जर्मन’ची पार्श्वभूमी

जुन्या चांदीच्या टीपॉटचा नाद असला की घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, खऱ्या चांदीचा आहे का हो? याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण इंग्रजांनीच शब्दांचा घोळ घालून ठेवलाय.

सुरुवातीचा काळ पटकन उरकतो. माहीत असलेला सगळ्यात जुना इंग्लिश चांदीचा टीपॉट 1670 चा, लंडनच्या म्युझियममध्ये आहे. तो टीपॉटसारखा दिसतच नाही, उंच आणि वर निमुळता, कोणीही कॉफीपॉटच म्हणेल, पण अंगावर कोरलंय की हा टीपॉट आहे, मग मानायचं. तेव्हा चहा इतका महाग की पुढची कित्येक वर्षं पॉट अगदी इवले इवलेच. 1784 ला चहावरचा टॅक्स 119 टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला, चहा सामान्य घरात शिरला आणि पॉटही पोट सुटल्यासारखे मोठे होत गेले.

इंग्लिश चांदीवर शुद्धतेची खूण म्हणून सिंह, सालाचं अक्षर वगैरे ठसे मारतात, म्हणजे हॉलमार्क, ते कसे वाचायचे ते इथे लिहीत नाही. फक्त एक सांगतो, 1720 ला चांदीच्या वस्तूंवर औंसाला 6 पेन्स टॅक्स लागला आणि कारागिरांनी लगेच पळवाट काढली. छोट्याशा हलक्या वस्तूवर ठसे मारून घ्यायचे, तेवढाच टॅक्स भरायचा, मग तो ठशांचा तुकडा कापून जड पॉटच्या बुडात डाग देऊन बसवायचा. 1757 ला खोट्या ठशांसाठी थेट फाशीची शिक्षा आली! असा पॉट ओळखायचा तर बुडावर तोंडाने वाफ सोडायची, चष्मा पुसताना सोडतो तशी, की सांध्याची बारीक रेघ क्षणभर उठून दिसते. चांदी अस्सल, फक्त टॅक्स बुडवलेला, त्यामुळे मला तरी असे पॉट खोटे वाटत नाहीत, असो.

आता मुख्य घोळ, ‘प्लेट’. आपल्याला प्लेट म्हटलं की मुलामा आठवतो, नाहीतर रणजीतला प्लेट ग्रुप, म्हणजे खालचा. पण जुन्या इंग्रजीत ‘प्लेट’ म्हणजे घडवलेली भरीव चांदी किंवा सोनं, मुलामा नाहीच. रेसकोर्सवर शर्यतींच्या नावात अजून ‘प्लेट’ असतं ते यातलंच, पूर्वी बक्षीस म्हणून चांदीची वस्तू द्यायचे. म्हणजे एखाद्या जुन्या मृत्युपत्रात ‘माझी सगळी प्लेट मुलीला’ असं दिसलं तर मुलीची चांदी झाली, अक्षरशः.

मग 1742 च्या सुमारास इंग्लंडमधल्या शेफिल्डला एकाने तांब्याच्या वडीवर चांदीचा पत्रा तापवून चिकटवला आणि दोन्ही एकत्र लाटले. यावर चांदीचा टॅक्स नाही, वर दिसायला चांदीच. याला नाव पडलं ‘शेफिल्ड प्लेट’ आणि एकच शब्द दोन उलट अर्थांनी चालू झाला. सुरुवातीच्या मालाला चांदी एकाच बाजूला असायची, आतून चक्क कल्हई, आपल्या पितळी पातेल्यांसारखी. घासून घासून कडांना तांबं डोकावायला लागतं आणि कलेक्टर लोकांना तेच आवडतं. हौशी माणसाने तो पॉट नव्याने चांदीचा मुलामा देऊन चकचकीत केला की त्याची अर्धी मजा गेलीच म्हणा.

1840 ला विजेने मुलामा द्यायचं पेटंट आलं आणि शेफिल्डचा तो धंदा बघता बघता बसला. नव्या मालाखाली तांब्याऐवजी बहुतेक जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, चांदी शून्य. वर आपल्याकडे नुसतं ‘जर्मन’ म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, आणि हळदीकुंकवाच्या वाणाला मिळतं ते परत ‘जर्मन सिल्व्हर’! या मुलाम्याच्या पॉटवर ई, पी, एन, एस (इलेक्ट्रो प्लेटेड निकेल सिल्व्हर) ही चार अक्षरं वेगवेगळ्या ढालींत ठोकलेली, लांबून बघितलं तर हॉलमार्कच. शेजारी ‘ए वन’ असतं तो मुलाम्याचा दर्जा, पण मला एका दुकानदाराने ते बोटाने दाखवून सांगितलं, बघा साहेब, चांदी एकदम ए-वन. मी घेतला. पहिल्याच टीपॉटला फसलो.

आपल्याकडच्या पॉटची तऱ्हा उलटी. एकोणिसाव्या शतकात भूजला दाट फुलापानांच्या नक्षीत लपलेले प्राणी आणि दांड्याला नाग असे पॉट झाले, मद्रास आणि पुण्याकडे देवदेवतांच्या उठावाचे. इथे सरकारी ठशांची सोय नव्हती, त्यामुळे बुडाला फार तर कारागिराची आद्याक्षरं आणि ‘भूज’, बऱ्याच वेळा काहीच नाही. ठसा नाही म्हणून लोकांनी हलकं समजून मोडीत घातलं, टंच काढायची, म्हणजे शुद्धता तपासायची, तसदीही घेतली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मोडीचा सगळ्यात मोठा झटका जानेवारी 1980 चा. चांदी औंसाला 50 डॉलरच्या आसपास गेली आणि इंग्लंड-अमेरिकेत जुने टी-सेट सरळ भट्टीत गेले, घडणावळीपेक्षा वजनाला जास्त भाव. 2011 ला भाव परत तिथवर गेला, तेव्हाही तीच भीती.

भारतात 1972 च्या कायद्याने शंभर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. ही रेषा दरवर्षी पुढे सरकते, 1920 चा पॉट 2020 ला तिच्या आत आला. परदेशातल्या मुलाला आजीचा पॉट पाठवायचा असेल तर आधी साल बघा. शिवाय दांडा तापू नये म्हणून सांध्यात दोन पांढऱ्या चकत्या असतात, त्या बऱ्याचदा हस्तिदंताच्या. ब्रिटनमध्ये 2022 पासून असा पॉट 1947 च्या आधीचा असेल, हस्तिदंत 10 टक्क्यांहून कमी असेल आणि नोंदणी केलेली असेल तरच विकता येतो. आपल्याकडे तर हस्तिदंताचा व्यापार बंदच, म्हणून इथे असे पॉट विकायला काढताना लोक चकत्या काढून प्लास्टिकच्या बसवतात आणि मग दांडा हलायला लागतो.