खजूर-बेदाण्याचा लाडू ‘शुगर फ्री’ असतो का?

‘लाडवात साखर नाही, गूळ नाही, नुसता खजूर, बेदाणा आणि सुकामेवा. मधुमेहवाल्यांनीही पोटभर खावेत.’ हा मेसेज थंडी पडली की फिरू लागतो. असं वाटणं साहजिक आहे, कारण लाडू करताना साखरेचा डबा उघडलेलाच नसतो.

पण बेदाणा कसा होतो ते पाहा. तासगावकडच्या शेडमध्ये जाळीच्या रॅकवर द्राक्षं पसरतात आणि वाऱ्यावर वाळवतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा पडतो. उडून जातं ते पाणी. साखर जागच्या जागी राहते, दाटते. म्हणूनच 100 ग्रॅम ताज्या द्राक्षांत साखर 16 ग्रॅमच्या आसपास, तर तेवढ्याच बेदाण्यात 60 ग्रॅमच्या वर. खजूरही त्याच पंगतीत. ही साखर फळातली असली तरी रक्तातली साखर वाढवतेच.

पडताळणं सोपं आहे. पाकिटामागच्या तक्त्यात ‘ॲडेड शुगर’ शून्य असेल, पण ‘टोटल शुगर’ची ओळही वाचा. घरात ग्लुकोमीटर असेल तर लाडू खाण्याआधी आणि दोन तासांनी मोजा.

म्हणून लाडू टाकून द्यायचा का? मुळीच नाही. त्यात तंतू आहेत, चांगलं तेल आहे. प्रमाण मात्र उलटं करा. बदाम-अक्रोडात 100 ग्रॅममागे साखर 5 ग्रॅमहूनही कमी असते. तेव्हा भाजलेले बदाम, अक्रोड, तीळ भरपूर घ्या आणि खजूर मिश्रण वळण्यापुरताच. लाडू लहान वळा, आणि मधुमेह असेल तर रोज किती चालेल हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.