पावसाचा जुना हिशोब गाळात कसा सापडला

जून अर्धा सरला की आमच्याकडे मुंबईत सकाळी चहाबरोबर एकच चौकशी, तलावांत किती टक्के झालं, मोडक सागर भरला का, तानसा कुठवर आला. आणि मग कोणीतरी म्हणतंच, हल्ली पाऊस पहिल्यासारखा राहिला नाही. पण पहिल्यासारखा म्हणजे कधीसारखा? कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, तिथल्या पावसाच्या नोंदी दीडशे वर्षांहून जुन्या, एवढी लांब नोंद देशात फार थोड्या ठिकाणी आहे. तरी मान्सूनच्या मानाने दीडशे वर्षं म्हणजे काहीच नाही, त्याच्या मागचं बघायचं तर पर्जन्यमापकच नव्हता, मग गाळात शिरावं लागतं.

गाळ म्हटलं की आपल्याला नालेसफाई आणि रस्त्याकडेला टाकलेला काळा ढीग आठवतो. पण ज्या तळ्याला कोणी ढवळलं नाही त्याच्या तळाशी दरवर्षी थोडी माती, थोडे परागकण, शिंपल्यांचे तुकडे बसत जातात, जुनं खाली, नवं वर. हे वाचता येईल हे पहिल्यांदा नीट दाखवलं स्वीडनच्या येरार्ड दे येर यांनी. १८७८ मध्ये त्यांना मातीत झाडाच्या वलयांसारखे थर दिसले, उन्हाळ्यातला जाड नि फिका, हिवाळ्यातला बारीक नि काळपट, म्हणजे दोन थर मोजले की एक वर्ष. मग १९१६ मध्ये लेनार्ट फॉन पोस्ट यांनी दलदलीतले परागकण मोजून जुनं जंगल कसं होतं ते मांडलं, आणि झाडं कोणती होती ते कळलं की पावसाचाही अंदाज येतो.

आपल्याकडची बहुतेक तळी गोठत नाहीत, त्यामुळे असे वर्षावर्षाचे थर सहसा मिळत नाहीत. गाळ आहे पण तारीख नाही, अशी अडचण. ती सुटली विलर्ड लिबी यांच्या कार्बन डेटिंगमुळे, म्हणजे जुन्या लाकडात-पानात किरणोत्सारी कार्बन किती उरलाय त्यावरून वय काढायची पद्धत, १९४९ची गोष्ट, आणि मला मनापासून आनंद होतो तो पुढच्या भागाचा, कारण साठच्या दशकात ही कार्बनची लॅब आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चालत होती. कालीबंगनसारख्या हडप्पाकालीन जागांच्या तारखा तिथून निघाल्या, त्या नमुन्यांच्या नंबरापुढे ‘टीएफ’ लिहिलेलं असायचं. पुढे ती लॅब अहमदाबादला गेली.

त्याच सुमाराला गुरदीप सिंग राजस्थानातल्या सांभर, डिडवाना, लुणकरणसर या खाऱ्या तळ्यांतले परागकण मोजत होते. १९७१ मध्ये त्यांनी मांडलं की हडप्पाची शहरं भरभराटीला आली तेव्हा तिथे पाऊस चांगला होता आणि तो कमी झाला तशी ती शहरं उतरणीला लागली. गोष्ट इतकी चपखल की सगळीकडे पसरली. पण १९९९ मध्ये येहूदा एन्झेल आणि मंडळींनी लुणकरणसरचा गाळ पुन्हा बारकाईने तपासला तेव्हा दिसलं की ते तळं साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वीच आटलं होतं, म्हणजे शहरं मोठी व्हायच्या कितीतरी आधी! सिंगांचं काम वाया गेलं असं मी अजिबात म्हणणार नाही, त्यांनी प्रश्न विचारला म्हणून तर उत्तर सुधारता आलं.

आपल्या महाराष्ट्रातला खजिना म्हणजे लोणार. बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेला खड्डा, पाणी खारट नि सोड्यासारखं. २००८ मध्ये तिथून सुमारे १० मीटर गाळ काढला, त्यात जवळपास ११ हजार वर्षं आहेत. जर्मन शास्त्रज्ञांच्या जोडीला भारतीय भूचुंबकत्व संस्था होती, आता पनवेलला असलेली, आणि ही संस्था मुळात त्याच कुलाब्याच्या वेधशाळेतून वाढलेली.

या गाळात ठरावीक खोलीवर गेलुसाइटचे फिकट खडे सापडले. सोडियम आणि कॅल्शियमचं कार्बोनेट, पाणी खूप आटून क्षार दाटले तरच बनतं. म्हणजे खडे जिथे, तिथे कोरडा काळ. असे दोन मोठे पट्टे निघाले, एक ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पहिला नेमका हडप्पाच्या शहरांच्या काळातला, पण लोणार तिथून कितीतरी दूर, म्हणून लगेच दोन्ही जोडायची घाई मला बरी वाटत नाही.

दुसरा पट्टा मात्र आपल्या अगदी जवळचा, सातवाहनांपासून यादव आणि पुढे बहमनींपर्यंतचा. तो जिथे संपतो तिथेच कुठेतरी दुर्गादेवीचा दुष्काळ येतो, १३९६च्या सुमाराला सुरू झालेला, बारा वर्षं चालला असं सांगतात. कार्बनच्या तारखा बऱ्याच वर्षांनी मागेपुढे होतात, त्यामुळे अमुक खडा त्याच दुष्काळाचा असं बोट ठेवून नाही सांगता येत, पण गावोगावी ज्याचं नाव राहिलं तो दुष्काळ आणि गाळातले शेवटचे खडे जवळपास एकाच शतकातले आहेत.