जुन्या मोटारसायकलींची घरगुती दुरुस्ती (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुनी दुचाकी पडवीत किंवा परड्यातल्या शेडमध्ये स्वतः उघडून, दुरुस्त करून चालती ठेवण्याची पद्धत. अशा गाड्यांत मुख्यतः मैसूरच्या आयडियल जावा कारखान्याच्या जावा आणि येझदी (हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला), राजदूत १७५, यामाहा आरएक्स १०० (१९८५ ते १९९६), बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) इंजिनाची बुलेट ३५० आणि १९८५ साली आलेली हिरो होंडा सीडी १०० येतात. या गाड्यांत सेन्सर नाहीत, संगणक नाही. रिंग पान्यांचा संच, प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टेस्ट लॅम्प आणि मॅग्नेट काढायचा पुलर एवढ्यावर बहुतेक कामे होतात. बोअर (सिलिंडर आतून कापून मोठा करणे), क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा), वेल्डिंग ही कामे मात्र घरी करू नयेत. त्यासाठी बेळगावात उद्यमबागेतील लेथ आणि फाउंड्र्यांचा आधार आहे.

तक्रारीवरून निदान

या भागात गाडीचे दुखणे ठरावीक शब्दांत सांगतात आणि ते शब्द नीट ऐकले तर निम्मे निदान तिथेच होते. ‘मिसिंग मारते’ (मध्येच अडखळते) म्हणजे आधी प्लग आणि पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारे वीजसंपर्क) पाहावेत. ‘उचलत नाही’ म्हणजे पेट्रोल कमी पोचते, सायलेन्सर कार्बनने तुंबला आहे किंवा क्लच घसरतो. ‘गरम झाली की बंद पडते, थंड झाली की चालू होते’ ही तक्रार बहुधा कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी) किंवा कंडेन्सरची (पॉइंटमधली ठिणगी आवरणारा). दहा-पंधरा किलोमीटरवर बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होणाऱ्या गाडीच्या टाकीचे झाकण उघडून पाहावे. ‘सुस्स’ असा आवाज करत हवा आत गेली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. अशा गाडीचा कार्बोरेटर पुन्हा पुन्हा उघडला जातो आणि दोष तिथे नसतोच.

गाडी मुळीच चालू होत नसेल तर क्रम ठरलेला आहे: ठिणगी, पेट्रोल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). प्लग काढून कॅपमध्ये बसवावा, त्याचा धातूचा भाग हेडला टेकवून प्लगच्या भोकापासून लांब धरावा आणि किक मारावी. निळी, टचटच वाजणारी ठिणगी चांगली. पिवळसर, अशक्त ठिणगी उघड्यावर दिसली तरी दाबाखाली पडेलच असे नाही. मग कार्बोरेटरची नळी सोडून कॉक उघडावा, धार सलग आली पाहिजे. शेवटी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारावी, दाबाने अंगठा उडाला पाहिजे. या तीन गोष्टी पाहण्याआधी हेड उघडणे म्हणजे चांगला बसलेला गास्केट विनाकारण घालवणे.

पॉइंट आणि टायमिंग

जावा-येझदीच्या पॉइंटमधील अंतर ०.४ मि.मी., तर जुन्या बुलेटचे ०.३५ ते ०.४० मि.मी. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर त्यांच्यामधून पांढरे कोरे कार्ड ओढून घ्यावे. कार्डावर तेलाचा डाग उमटला तर पॉइंट चालतील पण लवकर जळतील. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर टेकाड दिसत असेल, किंवा इंजिन चालू असताना पॉइंटमध्ये मोठी ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर बदलावा. तसाच ठेवला तर नवे पॉइंटही काही आठवड्यांत जातात. कॅमला (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याला) टेकणाऱ्या फेल्टवर तेलाचा एकच थेंब टाकावा.

पॉइंट नेमके कधी उघडतात हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे त्यांच्यात सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून इंजिन हळूहळू फिरवणे. कागद सुटतो तो क्षण ठिणगीचा. टेस्ट लॅम्प जास्त अचूक. बुलेटमध्ये ॲडव्हान्स युनिट (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारा भाग) मिटलेले असताना, दट्ट्या (पिस्टन) वरच्या टोकाच्या ०.८ मि.मी. अलीकडे असताना पॉइंट उघडले पाहिजेत. टायमिंग जास्त पुढे गेले की किक उलटी मारते. त्याने घोटा मुरगळतो, प्रसंगी मोडतोही.

बुलेटची किक ताकदीपेक्षा अंदाजाने मारावी लागते. चावी लावून किक सावकाश दाबत गेल्यास हेडलाइटवरच्या ॲमीटरचा काटा डावीकडे झुकतो आणि पॉइंट उघडताच मध्ये येतो. काटा मध्ये आला की डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून किक थोडी पुढे न्यावी, डीकॉम्प्रेसर सोडावा, किक पूर्ण वर येऊ द्यावी आणि मग एकसलग मारावी.

पेट्रोल, टाकी आणि कार्बोरेटर

आज जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीतला सर्वात मोठा भाग हाच आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. उसाच्या या पट्ट्यात इथेनॉल परके नाही, पण जुन्या गाडीला ते मानवत नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो, आणि कॉक नेमका तिथूनच पेट्रोल घेतो. टाकी आतून गंजते, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी साठते, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगतात किंवा कडक होतात. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ पडते, इंजिन जास्त तापते. उपाय असे: नळ्या, ओ-रिंग, कॉकचे वॉशर इथेनॉल सहन करणारे घालावेत. चढावर फुल थ्रॉटलने गाडी नेऊन इंजिन तिथेच बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. तो पांढुरका निघाला तर मेन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) एक नंबर मोठा घालावा. विटकरी-तपकिरी रंग बरोबर.

गंजलेली टाकी साफ करायला किराणा दुकानातले लिंबूसत पुरते. लिटरभर गरम पाण्याला ५० ग्रॅम, म्हणजे १३-१४ लिटरच्या टाकीला सुमारे ७०० ग्रॅम. आधी कॉक काढून भोक बुच मारून बंद करावे. गंज जाड असेल तर मूठभर नट आत टाकून टाकी हलवावी आणि नंतर मोजून सगळे बाहेर काढावेत. द्रावण रात्रभर ठेवून ओतावे, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावे आणि लगेच उन्हात वाळवावे. इथे घाई हवी, कारण उघडा पडलेला पत्रा ओला राहिला तर तासाभरात पुन्हा तांबूस होतो. वाळल्यावर थोडे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) मिसळलेले पेट्रोल आत फिरवून ठेवावे.

जेटच्या भोकात तार घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे झाले की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरा उघडावा आणि पुढचे ट्युनिंग इंजिन गरम झाल्यावर करावे. ओव्हरफ्लो होत असेल तर आधी फ्लोट (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) हलवून कानाशी धरावा. आत पेट्रोल खळखळले तर फ्लोटला चीर आहे.

टू-स्ट्रोकची पथ्ये

येझदी, जावा आणि राजदूतला पेट्रोलमध्येच लिटरमागे ३० ते ४० मि.लि. तेल मिसळतात. आरएक्स १०० ला तेलाची वेगळी टाकी आणि पंप आहे. तो पंप उघडल्यावर त्यातली हवा काढली नाही तर इंजिन सिझ होते (दट्ट्या अडकून बसतो).

पांढरा धूर आणि कमी होत जाणारे गिअर ऑइल या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर क्लचच्या बाजूचे क्रँक सील गेले आहे. मॅग्नेटोच्या किंवा डायनामोच्या बाजूचे गेले तर धूर येत नाही, बाहेरची हवा आत जाते, रेस आपोआप चढते आणि दट्ट्या सिझ होतो. हे दुसरे सील जास्त घातक, कारण त्यात धुरासारखी आधी दिसणारी खूण नसते. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी काढताना दोन्ही सील न बघताच बदलावीत.

बोअर

ओव्हरसाइज दट्टे साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मि.मी. मापांत मिळतात. आधी दट्टा आणावा, मग त्याच्या मापाने बोअर मारायला सांगावे. उलट केले तर फट चुकते. टू-स्ट्रोकच्या बोअरला पोर्टांच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा धारदार राहतात. त्यावरून बोट फिरवून पाहावे आणि बारीक कानसीने कडा मोडून घ्याव्यात. लेथवाला हे करेलच असे नाही, आणि राहून गेले तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. नंतरचे ५०० कि.मी. गाडी सलग ओढू नये. चोर्ला घाटासारखा लांब चढ या काळात टाळावा.

टॅपेट

सीडी १०० च्या टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या टोकाला, ०.०५ मि.मी. ठेवतात. ‘टिकटिक’ ऐकून टॅपेट घट्ट करण्याची खोड महाग पडते. घट्ट टॅपेटने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, तापतो आणि जळतो. थोडा आवाज असलेला बरा. बुलेटच्या पुशरॉडला फिलर लागत नाही. रॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये. उभ्या बुलेटचे तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते, म्हणून डिपस्टिकवर पातळी कमी दिसते. गाडी काही मिनिटे चालवून मगच मोजावे, नाहीतर तेल जास्त होऊन ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर पडते.

मिरगाआधी आणि खंडेनवमीआधी

या भागात दुरुस्तीचे दोन हंगाम ठरलेले आहेत. मिरगाआधी वायरिंगचे अर्थिंगचे सांधे घासून ग्रीस लावतात, प्लग कॅप बदलतात, ब्रेकचे ड्रम उघडतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. खंडेनवमीला गाडी आणि हत्यारे पुजायची असतात, त्यामुळे त्याआधी धुणे, चेन रॉकेलात काढणे, चेनचा ढिलेपणा २०-२५ मि.मी. वर आणणे ही कामे होतात. खानापूर-जांबोटीकडच्या तांबड्या धुळीत फोमचा एअर फिल्टर महिन्याला धुवावा लागतो. तो पिळायचा नाही, दाबून निथळू द्यायचा आणि वाळल्यावर तेलाचा हलका हात द्यायचा.

पावसाळाभर गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी, प्लगच्या भोकातून ५ मि.लि. तेल सोडून किक दोन-तीनदा फिरवावी, बॅटरी काढून ठेवावी. सायलेन्सरचे तोंड चिंधीने बंद करावे आणि ती चिंधी लाल असावी, म्हणजे काढायची राहत नाही. कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. दसऱ्याला गाडी काढताना ती नळी आधी फुंकून पाहावी.