शॉक हेड सोल

सायमन पमेल या ब्रिटिश दिग्दर्शकाचा २०११ सालचा प्रायोगिक चित्रपट. जर्मन न्यायाधीश डानिएल पाउल श्रेबर (१८४२–१९११) यांचे मनोविकाराच्या काळातील अनुभवविश्व हा त्याचा विषय असून नाट्यप्रसंग, तज्ज्ञांच्या मुलाखती आणि संगणकीय ॲनिमेशन यांची त्यात सरमिसळ आहे. तो व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. ह्यूगो कोल्सखाइन यांनी श्रेबरची भूमिका केली आहे.

श्रेबर १८९३ मध्ये ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयात पीठाध्यक्ष झाले आणि थोड्याच दिवसांत तीव्र निद्रानाशामुळे लाइपझिगला मनोविकारतज्ज्ञ पाउल फ्लेक्सिग यांच्या रुग्णालयात दाखल झाले. १८९४ ते १९०२ ही वर्षे त्यांनी पिर्ना येथील झोनेनश्टाइन मनोरुग्णालयात काढली. ईश्वर किरणांच्या द्वारे आपल्या मज्जातंतूंशी बोलतो आणि आपले शरीर हळूहळू स्त्रीचे होऊन त्यातून नवी मानवजात जन्मणार आहे, अशी त्यांची ठाम धारणा होती. ही धारणा तसूभरही न सोडता त्यांनी आपले कायदेशीर अधिकार काढून घेण्याविरुद्ध स्वतः अपील चालवले आणि १९०२ मध्ये ते जिंकले. पुढच्याच वर्षी त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्या आठवणींच्याच आधारे, श्रेबरना कधीही न भेटता, मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९११ मध्ये आपला गाजलेला प्रबंध लिहिला.

चित्रपटाची मांडणी त्या न्यायालयीन सुनावणीभोवती केलेली आहे. आजचे मनोविकारतज्ज्ञ व मनोविश्लेषक त्या काळचा पोशाख घालून आपली मते मांडतात, त्यामुळे ते भाष्यकार न वाटता खटल्यातले साक्षीदार वाटतात. ही युक्ती चित्रपटाचे खरे बळ होय. आपला प्रत्येक विचार कोणीतरी यांत्रिकपणे टिपून ठेवते, आणि तोच विचार पुन्हा मनात आला की ‘हे आमच्याकडे आहेच’ असे आवाज ऐकू येतात, असे श्रेबर यांनी लिहून ठेवले आहे. पमेल यांनी या अदृश्य नोंदवहीला हवेत तरंगणाऱ्या, टाइपरायटरसारख्या यंत्रांचे रूप दिले. भ्रम धूसर, स्वप्नवत दाखवण्याची रूढ रीत टाळून तो असा घट्ट, धातूचा दाखवल्याने रुग्णाला त्याची सत्यता का पटली असावी, हे प्रेक्षकाला उमगते. पत्नी साबीने हिची होरपळही चित्रपटात येते. मात्र श्रेबर यांच्या लेखनातला तिरकस विनोद (देवाला जिवंत माणसे कळत नाहीत, त्याचा परिचय प्रेतांशीच, हे त्यांचेच म्हणणे) या गंभीर, संथ चित्रणात बराचसा हरवला आहे.