गाय कोणी निवडली?

2006 साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्यात जोडधंदा म्हणून अनुदानावर जास्त दुधाच्या संकरित गाई द्यायचीही योजना होती. कागदावर हिशेब बिनचूक होता. पण कोरडवाहू वावरात हिरवा चारा कुठला? उन्हाळ्यात माणसांच्याच पाण्याची मारामार, दूध घ्यायला गावात कोणी येत नाही, आणि अशा गाईला ढेप मात्र रोज लागते. घरातल्या माणसांपेक्षा गाईचाच खर्च जास्त व्हायला लागला. पुष्कळ कास्तकारांनी ती विकून टाकली.

जवळजवळ त्याच काळात बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं अतिगरीब बायकांना असाच आधार दिला. बहुतेकींकडे गायच आली, आणि तिथे पुष्कळजणींकडे ती टिकली. फरक असा की त्या बायकांसमोर पर्यायांची यादी ठेवली होती आणि गाय त्यांनी स्वतः निवडली होती. शिवाय पुढची दोन वर्षं शिकवायला आणि गुरांचं दुखलंखुपलं बघायला माणूस येत होता.

मग थेट रक्कमच हातात दिली तर? गेल्या पंधरा-वीस वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न औषधाच्या चाचणीसारखा तपासला आहे. चिठ्ठ्या टाकून काही घरांना पैसे द्यायचे, काहींना नाही, आणि नंतर दोन्हींची तुलना करायची. सगळ्यात मोठ्या चाचण्यांपैकी एक केनियातल्या सियाया भागात झाली. 653 गावं, साडेदहा हजार कुटुंबं, प्रत्येकी सुमारे 1,000 डॉलर, म्हणजे तिथल्या घराच्या वर्षभराच्या खर्चाचा जवळपास पाऊण हिस्सा. पैसे मिळालेली घरं सावरली, यात नवल नाही. नवल हे की न मिळालेल्यांची मिळकतही वाढली, कारण तो पैसा गावातल्याच दुकानात, गवंड्याकडे आणि मजुरीत फिरला. वाटलेल्या एका डॉलरमागे त्या भागात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली. महागाई मात्र नाममात्र.

‘फुकटचा पैसा दारूत जातो’ हे पारावर हमखास ऐकू येतं. वेगवेगळ्या देशांतल्या अशा 19 अभ्यासांचा आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. दारू-तंबाखूवरचा खर्च एकूणात वाढलेला दिसला नाही, उलट किंचित घटलेलाच दिसला. हा विषय इथेच सोडू.

खरी गंमत आहे ती रक्कम कशी मिळते यात. केनियातच आधी झालेल्या एका अभ्यासात काही घरांना ठरलेली रक्कम दरमहा थोडी-थोडी मिळाली, काहींना तेवढीच एकदम. महिन्याच्या हप्त्याने पोटाची काळजी मिटली, आणि एकरकमी पैशातून घरात वस्तू आल्या. लोकांची विशेष पसंती घरावरच्या पत्र्यांना होती. बाहेरच्याला ही चैन वाटेल, पण गवताचं छप्पर दरवर्षी शाकारायला पैसे लागतात. पत्रे एकदा टाकले की तो खर्च कायमचा संपतो. वऱ्हाडातल्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता हाच हिशेब आपल्याकडे मांडू. समजा तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. जूनमध्ये बियाणं, खत आणि पहिल्या फवारणीला 20,000 रुपये हवेत. बँकेचं जुनं कर्ज थकलेलं, म्हणून ते दीडीनं उचलले. म्हणजे माल निघाला की 30,000 परत. पहिल्या वेच्याचा कापूस घरात ठेवायची सोय नाही, कारण देणेकरी दारात. दिवाळीच्या तोंडावर खेडा खरेदीवाला म्हणेल त्या भावात तो जातो. याच घराला मे महिन्यात 20,000 हातात मिळाले, तर पहिला फायदा 10,000 रुपयांचा. पाच-सहा महिन्यांत पन्नास टक्के! एवढा परतावा देणारा जोडधंदा मला तरी माहीत नाही. पण हा पैसा ‘न दिलेला’ असल्यामुळे कोणत्याही अहवालात उत्पन्न म्हणून दिसत नाही. थोडं थांबून कापूस विकण्याची मोकळीक मिळते, ती वेगळीच.

व्याजाच्या वाचलेल्या पैशात बकऱ्या घेता येतात. बकरी पाच महिन्यांत विते, बरेचदा दोन पिल्लं देते, आणि अडीनडीला एकेक करून विकता येते. गाय अर्धी विकता येत नाही.

पैशाच्या ओढाताणीचा परिणाम डोक्यावरही होतो. ओडिशात पत्रावळी शिवणाऱ्या मजुरांवर एक प्रयोग झाला. मजुरी सगळ्यांना सारखीच, फक्त काहींना तिचा मोठा भाग आधी दिला. पैसे मिळताच त्यांचं काम सुमारे 7 टक्क्यांनी वाढलं आणि चुका कमी झाल्या. हात तेच होते, पण उधारीची टोचणी कमी झाल्यावर लक्ष कामात राहिलं.

तरीही रोख रकमेला रामबाण म्हणणं मला पटत नाही. युगांडात 2008 साली तरुणांना धंद्यासाठी अनुदान दिलं. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा 38 टक्के जास्त होती. नऊ वर्षांनी मात्र अनुदान न मिळालेलेही जवळपास तिथवर पोचले होते. बांगलादेशातल्या त्या योजनेत तर असं दिसलं की ज्यांच्याकडे आधीपासून गोठा, गाडी असं थोडंफार होतं, ते मदतीनंतर वर चढत गेले. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, ते हळूहळू पुन्हा खाली घसरले. म्हणजे रक्कम एका पातळीच्या पुढे नेणारी हवी. आणि पावसाळ्याआधी पीपीआर या बकऱ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचली नाही, तर कळपातल्या बकऱ्या पटापट दगावू शकतात. पशुवैद्यकाची जागा रिकामी ठेवून खात्यात पैसे टाकले, तर ते पैसेही त्या बकऱ्यांबरोबरच जातात.

आपल्याकडे पीएम किसानचे 2,000 रुपये चार महिन्यांतून एकदा येतात, लाडक्या बहिणीचे 1,500 महिन्याला. दोन्ही रकमा किराणा, दवाखाना आणि शाळेतच संपतात, आणि त्यात वावगं काही नाही. पण त्यांतून धंदा उभा राहत नाही. बायकांना हे अर्थशास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे, म्हणून तर भिशी चालते. बाराजणींनी 1,500 टाकले की एकीच्या हातात एकदम 18,000 पडतात. त्यात पेरणीच्या तोंडावरचा नंबर आपल्याला लागावा, यासाठी प्रत्येकीची खटपट असते.