प्रत्येक रणगाडा ‘जॅव्हलिन’नेच उडवला का?

युक्रेनमध्ये रशियन रणगाडा फुटल्याचा व्हिडिओ आला की खाली ‘जॅव्हलिनची कमाल’ (जॅव्हलिन म्हणजे अमेरिकेचं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र) असं ठोकून द्यायची पद्धत 2022 पासून पडली आहे. त्यातले बरेच व्हिडिओ मुळात ‘स्तुग्ना-पी’चे आहेत. हे क्षेपणास्त्र पूर्णपणे युक्रेनचं, कीवच्या ‘लुच’ संस्थेने घडवलेलं आणि 2011 मध्येच सैन्यात आलेलं.

फरक ओळखणं सोपं आहे. जॅव्हलिन खांद्यावरून सुटतं आणि मग लक्ष्य स्वतःच गाठतं. सैनिक तेवढ्यात पळून जाऊ शकतो. स्तुग्नाची तिपाई झुडपात उभी असते आणि चालवणारा वायरीच्या टोकाला, 50 मीटरपर्यंत लांब, खंदकात. समोर ब्रीफकेससारखी उघडलेली पेटी, तिच्यात पडदा आणि जॉयस्टिक. लेझरच्या झोतावरून क्षेपणास्त्र जातं, म्हणून स्फोट होईपर्यंत लक्ष्यावरची खूण हलू द्यायची नाही. 5 किलोमीटरवर ही वीसेक सेकंदं फार लांबतात! पडद्यावरची ती फुली दिसली, की समजा स्तुग्ना.

एप्रिल 2022 मध्ये तर याच अस्त्राने कमी उंचीवर घिरट्या घालणारं रशियाचं केए-52 हेलिकॉप्टर पाडल्याचा व्हिडिओ युक्रेनने दाखवला. श्रेय तिथेही काहींनी जॅव्हलिनलाच दिलं.