अथेन्सचा अगोरा : उत्खनन

अगोरा म्हणजे प्राचीन ग्रीक नगराचा मुख्य चौक. बाजार तिथेच भरे, न्यायनिवाडे तिथेच होत आणि देवीची मिरवणूकही तिथूनच जाई. अथेन्सचा अगोरा अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या वायव्येला, उताराच्या पायथ्याशी आहे. अथेन्समधील अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज या संस्थेने २५ मे १९३१ रोजी येथे खोदाई सुरू केली. दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला, तर ते काम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. टी. लेस्ली शिअर, होमर थॉम्पसन, शिअर यांचे त्याच नावाचे चिरंजीव आणि जॉन कॅम्प यांनी एकामागून एक त्याची धुरा वाहिली.

खोदाईआधी येथे व्रिसाकी नावाची भरवस्ती होती. सुमारे ४०० इमारती विकत घेऊन पाडल्या गेल्या आणि हजारो माणसे उठून दुसरीकडे गेली. पैसा मुख्यतः अमेरिकन धनिक रॉकफेलर यांच्या देणगीतून आला. अथेन्सच्या इतिहासाला या कामाने जे दिले त्याचे मोल कमी नाही. पण व्रिसाकी हाही या जागेचा एक कालखंडच होता आणि तो उत्खननानेच पुसला, हे सांगितल्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही. मध्ययुगीन इमारतींपैकी इ. स. १०००च्या सुमारास बांधलेले पवित्र प्रेषितांचे चर्च तेवढे राखून १९५४–५६ मध्ये त्याचा जीर्णोद्धार करण्यात आला.

आपल्याकडे नेवासे किंवा इनामगावला जुन्या वस्तीची पांढर टेकाडासारखी वर आलेली असते आणि थर बऱ्याच अंशी एकावर एक बसलेले सापडतात. अगोऱ्यात तसे सरळ काही मिळत नाही. नवाश्मयुगीन विहिरी, मायसीनियन (कांस्ययुगीन) थडगी, अभिजात काळातील सभागृहे, रोमन नाट्यगृह, बायझंटाइन (मध्ययुगीन) घरे अशी पाच हजारांहून अधिक वर्षांची ये-जा येथे आहे. मात्र प्रत्येक पिढीने पाया खणताना आधीच्या पिढीची जमीन उपसली, तिचे दगड काढून आपल्या भिंतीत बसवले. त्यामुळे जमिनीचे थर जागोजागी तुटलेले आहेत. शाबूत पुरावा राहिला तो खोल खड्ड्यांत, म्हणजे विहिरी, पाण्याची टाकी आणि थडगी यांत.

विहिरीचे दोन भाग वाचावे लागतात. तळाच्या गाळात पाणी भरताना दोर तुटून पडलेले घडे असतात. ते पुष्कळदा अखंड निघतात आणि विहीर वापरात होती त्या वर्षांचे असतात. त्यांच्यावर, विहीर निकामी झाल्यावर लोटलेला राडारोडा असतो. इ. स. पू. ४८०–४७९ मध्ये इराणी सैन्याने अथेन्स उद्ध्वस्त केले. परतलेल्या लोकांनी घरांची मोडतोड साफ करून जवळच्या विहिरींत टाकली. अशा वीसेक विहिरी एकाच सुमाराला बुजल्या. खापरांच्या घडणीवरून काळ ठरवणाऱ्यांना याहून पक्की खूण क्वचितच मिळते.

टाक्यांचेही तेच. १९३६ मध्ये एका टाक्यातून काशाची ढाल निघाली. तिच्यावर टोचून अक्षरे काढली आहेत : पायलॉसच्या लढाईत अथेन्सकरांनी लॅसिडिमोनियनांकडून, म्हणजे स्पार्टनांकडून, घेतलेली. ही लढाई इ. स. पू. ४२५ची. दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियसने चित्रित स्तंभदालनात, म्हणजे चित्रांनी सजवलेल्या, खांबांच्या रांगेच्या दालनात, स्पार्टनांच्या ढाली पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. मात्र ही ढाल त्याच्या किती तरी आधीच टाक्यात गाडली गेली होती.

इमारतीचा काळ ठरवायचा तर तिच्या पायाखालच्या मातीतले सगळ्यात उशिराचे खापर शोधतात. त्याच्या आधी पाया पडलेला असू शकत नाही. ही कसोटी किती मोलाची आहे, हे युद्धदेव एरीसच्या मंदिरात दिसते. त्याचे संगमरवरी घडाव इ. स. पू. पाचव्या शतकातले, पाया मात्र रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातला. कोडे सुटले ते दगडांवरच्या खुणांनी. रोमन काळच्या वळणाची अक्षरे कोरून कारागिरांनी प्रत्येक दगडाची जागा नोंदवली होती. म्हणजे जुने मंदिर दगड-दगड सुटे करून येथे आणून पुन्हा उभारले होते. ते मूळ पॅलिनी गावचे असावे, असे तेथे नंतर सापडलेल्या जोत्यावरून मानले जाते.

लिखित परंपरेशी खापर जुळवताना सावधपणा लागतो. चौकाची हद्द दाखवणारा एक दगड येथे जागच्या जागी उभा आहे. ‘मी अगोऱ्याची सीमा आहे’ असे तो स्वतःच सांगतो. त्याला लागूनच एक छोटे घर निघाले. त्यात जोड्यांचे लोखंडी खिळे आणि वाद्या ओवायच्या हाडाच्या चकत्या होत्या, जवळच ‘सायमनचा’ असे कोरलेला पेल्याचा बुडखा मिळाला. सायमन नावाच्या चांभाराच्या दुकानात सॉक्रेटिस बोलत बसे, अशी जुनी कथा आहे. घर चांभाराचे होते, यात शंका नको; सॉक्रेटिस त्याच उंबऱ्यावर बसे, हे मात्र शक्यतेच्या पुढे नेऊ नये.

इ. स. २६७ मध्ये उत्तरेकडून आलेल्या हेरुली टोळ्यांनी शहर जाळले. उरलेल्या अथेन्सकरांनी पडक्या इमारतींचे खांब, पुतळ्यांचे चौथरे, शिलालेख, जे हाती लागेल ते रचून तटबंदी उभी केली. पर्गमॉनचा राजा दुसरा अ‍ॅटॅलस याने बांधलेले दुमजली स्तंभदालन या तटात सामावले गेले आणि म्हणूनच त्याचे उत्तरेचे टोक छपराच्या उंचीपर्यंत टिकले. त्याच मापांवरून १९५३–५६ मध्ये ते पूर्ण नव्याने बांधण्यात आले. आज तेच संग्रहालय आणि वस्तुभांडार आहे. नव्या बांधकामाबद्दल अभ्यासकांत मतभेद झाले. परंतु ग्रीक स्तंभदालनाची सावली आणि खोली अंगावर घ्यायची तर अशी दुसरी जागा सहज सापडणार नाही.

१८९०–९१ मध्ये पिरीअस बंदराकडून येणारी रेल्वे चौकाच्या उत्तर भागातून खोदून नेण्यात आली. रुळांपलीकडे १९७० मध्ये राजदालन (धर्मविषयक अधिकाऱ्याची कचेरी) आणि १९८१ मध्ये वर आलेले चित्रित स्तंभदालन मिळाले. अथेन्सपासूनची अंतरे जिथून मोजत, ती बारा देवांची वेदी मात्र रुळांखालीच आहे. तिचा एक कोपरा १९३४ मध्ये उजेडात आला होता. २०११ मध्ये रुळांच्या कामात आणखी भाग उघडा पडला, पण लोकांचा विरोध असूनही तो पुन्हा झाकण्यात आला आणि गाड्या पूर्वीप्रमाणे वरून धावू लागल्या.